उंदरं मारूनही कमी का होत नाहीत? दाटी, हंगाम आणि शेतातल्या उंदरांची वाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीच्या काठाला घरची काळी जमीन आहे. त्यामुळे उंदरांविषयी प्रश्न दोन्हीकडून येतात, वर्गात पोरांचे आणि पारावर त्यांच्या बापांचे. फिरून फिरून तेच विचारले जातात म्हणून इथं एकत्र लिहून ठेवले आहेत.

दरवर्षी दिवाळीनंतर औषध टाकतो, ढिगानं उंदरं मरतात. तरी पुढच्या दिवाळीला तेवढीच. काहून?

कारण दिवाळीनंतर मेलेल्यांपैकी बरीचशी वैशाखापर्यंत तशीही मरणारच होती. ऊन आणि उपासमार जे काम करणार होती ते तुम्ही पदरचे पैसे घालून काही महिने आधी उरकलंत.

हिशोब मांडून बघू. आकडे माझ्या मनचे आहेत, रीत खरी आहे. दोन भावांची वावरं घ्या, मधे एक धुरा. दिवाळीला प्रत्येकाकडे १२० उंदीर. रब्बी निघून रान उघडं पडलं की बांधावर आणि ओढ्याकाठी मिळून पंधरा उंदीर तगतील एवढंच खाणं आणि आडोसा उरतो. थोरल्यानं दिवाळीनंतर ६० मारले, धाकट्यानं एकही नाही. मे महिन्याच्या शेवटी दोघांकडेही पंधराच्या आसपासच. आता धाकटा उठला आणि रोहिणी नक्षत्र लागताना पंधरातले दहा मारले. पावसाळ्यात दर उंदरामागे आठ झाले, तर दिवाळीला थोरल्याकडे पुन्हा १२० आणि धाकट्याकडे ४०. साठ मारणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही, दहा मारणाऱ्याच्या लागलं.

प्रत्यक्षात गणित इतकं सरळ उतरत नाही. धाकट्याकडच्या पाचांना मोकळं रान मिळतं, त्यांची जास्त पिल्लं जगतात, म्हणून ४० ऐवजी ५०-५५ होतील. थोरल्याचे उंदीर धुरा ओलांडून येतील ते वेगळे. तरीही फरक राहतोच.

दाटीचा परिणाम म्हणजे नेमकं काय?

पुस्तकात याला घनता-अवलंबन म्हणतात. जागा तीच आणि तोंडं जास्त झाली की दर डोई वाढ घटते. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट या गणितज्ञानं १८३८ साली हे समीकरणात बसवलं: सुरुवातीला संख्या झपाट्यानं चढते, मग चढ मंदावतो आणि जागेच्या कुवतीजवळ येऊन थांबतो.

उंदरांत हे घडतं कसं ते बघण्यासारखं आहे. खाणं वाट्याला कमी आलं की मादी उशिरा वयात येते, वेत चुकतं, पिल्लं कमी वाचतात. शेतातला काळा उंदीर तर फारच एकलकोंडा. एका बिळात सहसा एकच मोठा राहतो आणि दुसऱ्याला टिकू देत नाही. पोसलेली पिल्लं बाहेर पडतात, चांगली बिळं आधीच अडलेली असतात, मग ती उघड्यावर फिरतात आणि घुबडाच्या नाहीतर कुत्र्याच्या तोंडी जातात. आमच्या शेजारचे आबा म्हणतात, "मास्तर, उंदराला उंदीरच मारतो." व्हेरहुल्स्टचं समीकरण याहून फार वेगळं सांगत नाही.

मग हंगामाचा संबंध कुठं येतो?

दाटीचा लगाम बारा महिने सारखा ओढलेला नसतो, इथंच येतो. गोष्ट समजायला सोपी आहे, पण उंदरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हिच्याकडेच.

आपल्याकडचं वर्ष घ्या. मृग बरसला, गवत कोवळं झालं की माद्या गाभण राहायला लागतात. आधी गवताचं बी, मग मूग-उडीद, मग सोयाबीनच्या शेंगा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत रानात इतकं खाणं असतं की दहा उंदीर असोत की पन्नास, एकमेकांच्या पोटावर पाय येत नाही. बांधावर गवत उभं, पीक दाट, वरून घार-घुबडाला दिसत नाही. या काळात लगाम ढिला. आहेत त्या पटीत वाढतात.

सोयाबीन निघालं की उंदरं तुरीत आणि ज्वारीत सरकतात. पौषात ज्वारी हुरड्यावर आली की शेवटची चंगळ. ताट चढून कणीस खुडतात आणि बिळात ओढून नेतात. ज्वारीच्या कडेचं एक बीळ मी टिकावानं उकरलं होतं. हातभर खाली मुठीएवढं कोठार, त्यात कणसांचे तुकडे एकावर एक दाबून बसवलेले, वाळलेले, देठ तिरपा कुरतडलेला. आमच्या घरातली कणगी इतकी नेटकी कधी लागली नाही.

ज्वारी काढली, हरभरा उपटला, कडब्याची गंज लागली की खेळ पालटतो. फाल्गुन ते ज्येष्ठ रान मोकळं, नांगरटीनं बिळं मोडलेली, पाणी नाही. आता प्रत्येक बीळ आणि बांधाचा प्रत्येक हात वाटून घ्यायचा असतो. दाटीची किंमत इथं चुकवावी लागते. जितके जास्त उंदीर उन्हाळ्यात शिरतील, तितका मरणाऱ्यांचा वाटा मोठा. वाढ ठरते पावसाळ्यात आणि छाटणी होते उन्हाळ्यात, म्हणून वर्षाची सरासरी काढून दोन्हींचा एकच लगाम मानला तर हिशोब फसतो.

पहिल्या मोठ्या पावसात बिळं भरतात. तेव्हा मरत नाहीत का?

मरतात, पण या मरणाची जात वेगळी आहे. बिळात पाणी शिरलं की आत एक आहे की दहा, हे पाणी बघत नाही. अशा मरणाला दाटीशी देणंघेणं नसतं.

काळ्या जमिनीत याला एक खास वळण आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मऊ केसांचा शेतउंदीर त्या भेगांमध्येच संसार थाटतो. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि आतले गाडले जातात. ब्रिटिश अधिकारी वॉल्टर इलियट यानं धारवाडकडच्या मुलखात हेच नोंदवलं आहे. १८२६ साली पावसाळ्याच्या सुरुवातीला नेहमीसारखा पाऊस झाला नाही, आणि हे उंदीर इतके माजले की पेरलेलं बी खाल्लं, पुढं ज्वारीची ताटं चढून कणसं तोडली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. वडार लोकांना डझनावारी मोजून धान्याच्या मापानं मजुरी दिली, त्यांनी हजारोंनी उंदीर मारले, तरी संख्या घटल्यासारखी दिसली नाही, असं तो लिहितो. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची नोंद, आणि तक्रार तुमच्या पहिल्या प्रश्नातलीच.

थोडा किंतु आहे. बांध उंच आणि भरपूर असतील तर बरेच उंदीर वर चढून वाचतात. बांध थोडे आणि उंदीर फार असतील तर जागा न मिळालेले बुडतात. म्हणजे पाऊस दाटी बघत नसला तरी बांध बघतो.

आपल्या रानात उंदीर कोणते?

मुख्य म्हणजे काळा उंदीर, ज्याच्या बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग असतो. वर सांगितलेला मऊ केसांचा. शेपटीला झुपका असलेला, उड्या मारणारा जर्बिल. आणि अंगठ्याएवढं बारकं शेतातलं चिटुक. घूस ही काळ्या उंदराचीच मोठी बहीण. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून गेला, म्हणजे डुक्करउंदीर. नांदेडच्या सीमेवरच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. चिचुंद्री उंदीर नाही, ती किडे खाते, तिला सोडून द्या.

एका जोडीपासून वर्षात हजार होतात म्हणे?

कागदावर. गर्भ तीन आठवड्यांच्या थोडा पुढं, एका वेताला सहा-आठ पिल्लं, तीनेक महिन्यांत पिल्लं वयात. गुणत बसलात तर हजार सहज येतात. पण कागदावर उन्हाळा येत नाही.

आमच्याकडे पाणी आलं, ऊस लागला आणि उंदरं वाढली. उसाचा काय दोष?

दोष नाही, संबंध मात्र थेट आहे. वरची सगळी मांडणी उन्हाळ्याच्या अडचणीवर उभी आहे. ऊस ती अडचणच काढून टाकतो.

जायकवाडी आणि माजलगावच्या कालव्याखालची गावं बघा. ऊस बारा ते अठरा महिने उभा. एप्रिलमध्ये आजूबाजूचं रान भट्टीसारखं तापलेलं असताना उसाच्या सरीत ओल, सावली आणि चघळायला गोड कांडी. कोरडवाहू शिवारात पंधरा तगले असते तिथं आता साठ तगतात, आणि पावसाळ्याची पट पंधराला लागण्याऐवजी साठाला लागते. लगाम गेलेला नसतो, तो फक्त वरच्या आकड्यावर सरकतो. जावा बेटावर भातशेतीतल्या उंदरांचंही असंच आहे: त्यांची वीण भाताच्या पोटरी-लोंबीशी बांधलेली, म्हणून वर्षातून जितकी पिकं तितक्या विणी.

म्हणून माझं मत असं की ज्यांच्या शिवेला ऊस आहे त्यांनी मे महिन्यात स्वतःच्या कोरड्या वावरात उंदीर शोधत बसू नये. ते तिथं नसतातच. उसाचा काठ, कालव्याचा भराव आणि पाटाचे बांध धुंडाळावेत. ऊसवाला पाहुणा असेल तर बोलणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. आमचाही आहे.

दर तीन-चार वर्षांनी उंदरांची लाट येते, हे खरं का?

उत्तर युरोपात खरं. तिथले व्होल आणि लेमिंग हे छोटे कुरतडणारे प्राणी तीन ते पाच वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि कोसळतात. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२४ साली याकडे लक्ष वेधलं आणि तेव्हापासून त्यावर वाद चालू आहे. फिनलंडच्या अगदी उत्तरेला किल्पिसयार्वी इथं वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोजणी होत आली. दोन मोजण्या असल्यानं संशोधकांना हिवाळ्याची घट आणि उन्हाळ्याची वाढ वेगळी काढता आली, आणि लांब हिवाळ्यातली दाटी महत्त्वाची ठरली. जपानच्या होक्काइडो बेटावरच्या व्होलवरही असंच काम झालं. त्यांचा बर्फ तो आपला वैशाख, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आपल्याला जवळचं उदाहरण टांझानियातल्या मोरोगोरोचं. तिथला शेतउंदीर पाऊस आणि दाटी दोन्ही बघून वाढतो. नुसत्या पावसावरून अंदाज चुकतो, नुसत्या संख्येवरूनही चुकतो. मराठवाड्यात घड्याळासारखी चार वर्षांची लाट मी पाहिलेली नाही. इथं पाऊसच इतका लहरी की फेरा धरायला उसंत मिळत नाही. मिझोरममधली बांबूच्या फुलोऱ्यानंतरची लाट (१९५९, मग २००७) हे तिसरंच प्रकरण: जवळपास अर्ध्या शतकानं एकदम बी पडतं आणि उंदरांची चंगळ होते.

दुष्काळानंतरच्या चांगल्या वर्षी जास्त का वाटतात?

मोकळं रान आणि भरल्या शेंगा एकाच वेळी मिळतात म्हणून. दुष्काळात उंदीर मरतात तसे त्यांना खाणारेही मरतात किंवा निघून जातात. पाऊस आला की उंदीर काही आठवड्यांत विणीला लागतो, धामणीला आणि घुबडाला सावरायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ संपल्यावर २०२०-२१ मध्ये न्यू साउथ वेल्सात घरउंदरांचं थैमान झालं, ते याच क्रमानं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं आणि त्याच साली पुढं पाऊस दणकून झाला. अशा सालात पोळ्यालाच बांध बघून घ्यावा.

घुबड-साप ठेवले तर औषध लागणार नाही ना?

लागेल, पण कमी. गव्हाणी घुबड एका रात्रीत दोन-चार उंदीर सहज उचलतं. अडचण वेळेची आहे. खाणारे वाढतात ते उंदीर वाढल्यानंतर, त्यामुळे त्यांचा दाब एक हंगाम उशिरा बसतो. या उशिरामुळं कधीकधी चढउतार आणखी तीव्र होतो. तरी पक्षीथांबे लावा आणि धामण दिसली की काठी खाली ठेवा. उन्हाळ्यात रान उघडं असताना घुबडाचा एकेक उंदीर मोलाचा असतो.

१९९४ चा बीडचा प्लेग याच्याशी जोडता येतो का?

जोडला गेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक दगडमातीच्या माळवदांना भ्यायले. बीड जिल्ह्यातही लोक जुनी घरं सोडून बाहेर राहिले आणि धान्य मात्र त्या रिकाम्या घरांत, बळदांत ठेवलं. माणूस नाही, मांजर नाही, दाणे भरपूर. पुढच्या ऑगस्टमध्ये मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. सप्टेंबरात सुरतेची बातमी आली आणि देशभर घबराट झाली. या साखळीचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण हेच आहे. आमच्या कामाचा धडा एवढाच की घरातल्या धान्याच्या उंदराला वैशाख नसतो. तिथं हंगामाचा लगाम जवळपास नाही, म्हणून बळद आणि वावर यांचा हिशोब वेगळा ठेवायचा.

उंदीर मोजायचे कसे? दिसतात कुठं?

उंदीर मोजू नका, बिळं मोजा. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं पायानं, ढेकळानं बुजवा. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर फिरा. जी उकरलेली दिसतील ती जिवंत, बाकीची पडीक. ताजी माती ओलसर आणि गडद दिसते, ऊन चढलं की रंग उडतो. म्हणून पहाटेच जायचं.

पहिल्या वर्षी मीच फसलो. काळ्या उंदराच्या एका बिळाला तीन-चार तोंडं असतात. मी प्रत्येक तोंड एक बीळ धरलं आणि गावाला सांगत सुटलो की यंदा उंदीर तिप्पट. आबा नुसते हसले आणि एका तोंडात धूर सोडला. तो बांधाच्या पलीकडून निघाला.

दिवाळीला एकदा मोजलं तर भागणार नाही का?

नाही. वर्षातून एकच आकडा असेल तर वाढ थांबली ती पावसाळ्यात की उन्हाळ्यात, हे कळायचा मार्गच उरत नाही. मे महिन्याच्या शेवटी एक आणि दिवाळीच्या आसपास एक, अशी दोनदा मोजणी करा. दिवाळीचा आकडा भागिले मेचा आकडा ही पावसाळ्याची पट. पुढच्या मेचा भागिले दिवाळीचा ही उन्हाळ्याची गळती. चार-पाच वर्षं लिहून ठेवलंत तर दिसेल की उन्हाळ्यात किती जगले हे आधीच्या दिवाळीच्या दाटीवर बरंच ठरतं.

एक खोच आहे, ती शिकलेल्या लोकांनाही चकवते. यंदा चुकून जास्त मोजलंत तर पुढची मोजणी बरोबर असली तरी 'घट' दिसते. कमी मोजलंत तर 'वाढ' दिसते. म्हणजे निव्वळ मोजणीच्या चुकीतून दाटीचा लगाम असल्याचा भास होतो. उपाय साधा: दरवेळी तेच बांध, तीच पद्धत, आणि जमलं तर लागोपाठ दोन पहाटा.

मग दिवाळीत मारूच नये?

मारा, पण कशासाठी ते ठरवून. समोरचं पीक वाचवायचं असेल तर आत्ताच मारायला लागतं. हुरड्यातली ज्वारी खाल्ली जात असताना मे महिन्याची वाट बघणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. त्या मारण्यानं त्या महिन्याचं नुकसान वाचतं. पुढच्या वर्षीची संख्या मात्र त्यानं फारशी हलत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

औषध कोणतं आणि कसं?

झिंक फॉस्फाईडचं २ टक्क्यांचं आमिष जुनं आहे: ९६ भाग भरडलेलं धान्य, २ भाग गोडेतेल, २ भाग पावडर. आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरड घाला, नाहीतर थोडं चाखून, आजारी पडून वाचलेले पुन्हा त्याला शिवतही नाहीत. एका वर्षी घाईत मी हे टाळलं आणि आमिष जसंच्या तसं मुंग्यांनी नेलं. जे उरतील त्यांच्यासाठी ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन. ते सावकाश काम करतं, म्हणून उंदराला संशय येत नाही. दोन्ही विषं आहेत. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही आणि ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, आमिष बिळाच्या आत टाका, मेलेले उंदीर पुरा, पोरं आणि कुत्री लांब ठेवा.

शेजारी ऐकत नाही. मी एकट्यानं काय करू?

एकट्याचं वावर मोकळं झालं की शेजारचे तरणे उंदीर त्यात येऊन बसतात. त्यांना जागाच हवी असते. म्हणून उंदीर नियंत्रणाच्या देशपातळीवरच्या शिफारशीतही पावसाळ्याआधीची मोहीम गावानं मिळून करायला सांगितली आहे. त्या शिफारशी जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशावर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या प्रकल्पातून आल्या. आमच्याकडे सगळं गाव कधीच एकत्र आलं नाही. ओढ्याच्या अलीकडची अकरा घरं आली, कारण ओढा ही उंदरांचीही शीव आहे आणि अकरा जणांना एका चहाच्या टपरीवर बसवता येतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नांगरट झालेली आणि पेरणी व्हायची असते तेव्हा माणूस रिकामा असतो. पहिल्या संध्याकाळी बिळं बुजवायची, दुसऱ्या पहाटे मोजून खूण म्हणून काडी रोवायची, मग तीन दिवस नुसती भरड, चौथ्या दिवशी औषध. भरडीची ज्वारी प्रत्येक घरातून शेरभर. पाहुण्याच्या उसाचा काठ मी माझ्याकडे घेतो, त्यांना न विचारता.